कुंपणच शेत खाते तेव्हा : थायरॉइडचा विकार आणि मातृत्वाची प्रतीक्षा

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



एखाद्या घरी लग्न होऊन दोन-तीन वर्षे लोटली, की आप्तेष्टांच्या बोलण्यात एक प्रश्न हळूच डोकावू लागतो. पाळणा कधी हलणार, हा तो प्रश्न होय. प्रारंभी त्यात कौतुक असते, पुढे काळजी येते आणि आणखी काही वर्षांनी त्याच प्रश्नाला आरोपाची धार चढते. जिच्या स्वागताला सारे घर उंबरठ्याशी जमले होते, त्याच सुनेला दुसऱ्या कुणाच्या डोहाळजेवणाचे आमंत्रण द्यावे की न द्यावे, असा विचार सुरू होतो. दिवस राहून गर्भ टिकला नाही, तर तिने जिना का चढला, बादली का उचलली, उन्हात का गेली, अशी उलटतपासणी होते. ती उत्तर देत नाही. कारण तिच्यापाशी उत्तर नसते.

वास्तविक मूल न होण्याची कारणे शोधताना जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा आढळतो. तरीही तपासणीची पहिली पायरी बहुधा सुनेलाच चढावी लागते. पुरुषाची साधी, विनात्रासाची तपासणी सर्वांत शेवटी होते, अथवा होतच नाही. ही गोष्ट आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

आजच्या भाषणाचा विषय मात्र स्त्रीच्या बाजूच्या एका कारणाचा आहे. हे कारण असे, की त्याचे मूळ गर्भाशयात नसून गळ्यात आढळते. आणि त्यातही ते गळ्यातील ग्रंथीच्या दोषाने नव्हे, तर शरीराच्या रक्षकांच्या वर्तनाने निर्माण होते. मराठीत कुंपणच शेत खाते, असे म्हणतात. या विकाराचे याहून नेमके वर्णन वैद्यकाच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल.

गळ्यातील लहानशी ग्रंथी

गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिचे वजन जेमतेम पंधरा ते वीस ग्रॅम. अन्नातील आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. शरीरातील उष्णता, हृदयाची गती, पचन, त्वचा, मनाचा उत्साह आणि स्त्रीचे मासिक चक्र या सर्वांचा ताल या संप्रेरकावर अवलंबून असतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिच्या कामावर नजर ठेवते. थायरॉक्सिन कमी पडू लागले, की पीयूषिका टी.एस.एच. नावाचा तगादा अधिक प्रमाणात धाडू लागते. म्हणूनच रक्तातील टी.एस.एच. वाढलेले दिसले, तर थायरॉइड मागणी पुरी करू शकत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

थायरॉइड म्हटले, की जुन्या पिढीला गलगंड आठवतो आणि गलगंड म्हटले, की मिठातील आयोडीन. हा संबंध खरा आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ सालापासून हिमाचलमधील कांग्रा खोऱ्यात केलेल्या कार्याने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड हटतो, हे सिद्ध झाले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ साली खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर मनाई झाली. परंतु आयोडीनची उणीव भरून निघाल्यावरही थायरॉइडचे रुग्ण संपले नाहीत. कच्चा माल भरपूर असूनही कारखाना बंद पडत असेल, तर दोष अन्यत्र शोधावा लागतो.

हाशिमोटोंचे चार रुग्ण

तो दोष प्रथम दिसला जपानमध्ये. क्यूशू येथील विद्यापीठात शल्यचिकित्सा करणारे डॉ. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली जर्मन भाषेतील एका वैद्यकीय नियतकालिकात चार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चौघीही स्त्रिया होत्या. त्यांच्या काढलेल्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता ग्रंथीच्या मूळ ऊतींमध्ये लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींनी गर्दी केलेली दिसली. जिथे संप्रेरक बनवणाऱ्या पेशी असाव्यात, तिथे पहारेकऱ्यांनी जणू छावणीच ठोकली होती. ही छावणी कशासाठी, याचे उत्तर त्या काळी कोणापाशीच नव्हते. हाशिमोटो पुढे शिक्षणासाठी जर्मनीत गेले. पहिल्या महायुद्धाने त्यांना परत यावे लागले आणि आपल्या गावी त्यांनी वैद्यकी केली. १९३४ साली विषमज्वराने त्यांचे निधन झाले. आपले नाव जगभरच्या लक्षावधी स्त्रियांच्या केसपेपरवर लिहिले जाणार आहे, याची त्यांना कल्पनाही नसावी.

त्या छावणीचा अर्थ लागण्यास आणखी चव्वेचाळीस वर्षे जावी लागली. शरीर स्वतःवर कधी शस्त्र उगारणार नाही, असा विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिख यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाच्या विचारांतून रूढ झालेला समज वैद्यकावर दीर्घकाळ पगडा ठेवून होता. १९५६ साली तो ढळला. अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना सशांच्याच थायरॉइडचा अर्क टोचला, तेव्हा त्या सशांच्या रक्तात स्वतःच्या ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि ग्रंथीत पांढऱ्या पेशी शिरल्या. त्याच वर्षी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि पीटर कॅम्पबेल यांनी हाशिमोटो विकाराच्या रुग्णांच्या रक्तद्रवात थायरॉइडच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली. एका बाजूला सशाचा पुरावा, दुसऱ्या बाजूला माणसाचा. शत्रू बाहेरून आलेला नाही, हे त्या दिवसापासून मान्य झाले.

रक्षक भक्षक कसे होतात

या ठिकाणी रोगप्रतिकारक पेशींचे वर्तन थोडे समजून घेतले पाहिजे. ज्याप्रमाणे पेढीवर आलेल्या प्रत्येक नाण्याची पारख होते, त्याप्रमाणे शरीरात भेटणाऱ्या प्रत्येक रेणूची पारख या पेशी करतात. आपले कोणते आणि परके कोणते, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. यातील टी-पेशींचे शिक्षण छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत होते. जी टी-पेशी स्वतःच्याच शरीरावर चालून जाईल असे दिसते, तिला बहुधा तिथेच नष्ट केले जाते. परंतु ही परीक्षा शंभर टक्के निर्दोष नसते. निरोगी माणसाच्या शरीरातही काही उपद्रवी पेशी निसटून बाहेर हिंडत असतात. त्या गप्प राहतात, कारण त्यांच्यावर इतर पेशींचा वचक असतो.

हाशिमोटो विकारात हा वचक सैल पडतो. साहाय्यक टी-पेशी थायरॉइडच्या प्रथिनांना परके ठरवतात आणि इतरांना इशारा देतात. त्या इशाऱ्यावर मारक टी-पेशी ग्रंथीत शिरून संप्रेरक बनवणाऱ्या पेशी एकेक करून संपवतात. बी-पेशी प्रतिपिंडे तयार करू लागतात. थायरॉइड पेरॉक्सिडेज या विकराविरुद्धची प्रतिपिंडे म्हणजेच प्रयोगशाळेच्या अहवालावर दिसणारी ॲंटी-टी.पी.ओ. होत. अहवालावरील हा आकडा पाहून रुग्ण घाबरतात. परंतु मुख्य नासधूस या प्रतिपिंडांनी नव्हे, तर टी-पेशींनी केलेली असते. याचा एक सहज पटणारा पुरावा म्हणजे आईच्या रक्तातील टी.पी.ओ. प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जातात, तरीही बाळाची थायरॉइड सामान्यतः सुरक्षित राहते. प्रतिपिंड हे आगीचे सूचक आहे; आग लावणारा निराळा आहे.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कित्येक पटींनी अधिक आढळतो. प्रजननाच्या वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात. त्यांपैकी बहुसंख्य स्त्रिया निरोगी असतात, आई होतात आणि आपल्याला असे काही आहे, हे त्यांना कधी कळतही नाही. ही गोष्ट पुढील विवेचनात सतत ध्यानी ठेवावी लागेल.

उंदरांच्या बीजांडकोशाने सांगितलेले रहस्य

वचक ठेवणाऱ्या पेशींचा शोध कसा लागला, ही हकीकत विलक्षण आहे, कारण ती वंध्यत्वापासूनच सुरू होते. जपानमधील नागोया येथे ऐची कर्करोग केंद्रात यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा यांनी १९६९ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. उंदराच्या मादी पिलाची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर ती मोठी झाल्यावर वंध्य होई. तिचे बीजांडकोश आक्रसून गेलेले आढळत. तीच ग्रंथी आठवडाभरानंतर काढली, तर असे होत नसे. प्रथम वाटले, की बीजांडकोशाच्या वाढीसाठी थायमसचे एखादे संप्रेरक लागत असावे. पुढे उमगले, की बीजांडकोश अविकसित राहिला नव्हता. शरीराच्या स्वतःच्याच पेशींनी तो नष्ट केला होता. अशा प्रयोगांत थायरॉइडलाही हाशिमोटोसारखीच इजा होत असल्याचे दिसून आले. गळा आणि बीजांडकोश, दोन्ही ठिकाणी एकच उच्छाद.

शिमोन साकागुची हे तरुण डॉक्टर या प्रयोगाने इतके भारावले, की ते निशिझुकांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. त्यांनी निरोगी उंदरांच्या टी-पेशी अशा थायमसहीन उंदरांना टोचल्या आणि विकार टळला. म्हणजे टी-पेशींतच काही अशा होत्या, ज्यांचे काम मारण्याचे नसून आवरण्याचे होते. त्या काळी या कल्पनेवर बहुतेकांचा विश्वास नव्हता. साकागुची त्या शोधापासून ढळले नाहीत. अखेर १९९५ साली त्यांनी या पेशींची नेमकी ओळख पटवली. या पेशी काढून टाकलेल्या उंदरांना थायरॉइड, जठर, बीजांडकोश अशा अनेक अवयवांचे विकार जडले. पेशी परत दिल्या, की ते थांबले. यांनाच नियामक टी-पेशी म्हणतात. २००१ साली मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी या नियंत्रणामागचे फॉक्सपी-३ हे जनुक शोधले. ज्या बालकांत ते जनुक सदोष असते, त्यांना अगदी लहान वयात आतड्यांचे, मधुमेहाचे व थायरॉइडचे स्वप्रतिरक्षा विकार होतात. या तिघांना २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

व्यवहारात पाहिले, तर मोठ्या कुटुंबात दहा उत्साही तरुण असले, तरी एक शांत ज्येष्ठ व्यक्ती असल्याशिवाय घर टिकत नाही. शरीराचेही तसेच आहे. शक्ती वाढवण्याची भाषा सर्वत्र चालते. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या चूर्णांच्या जाहिरातींना तोटा नाही. पण या स्त्रियांना शक्ती कमी पडलेली नसते; संयम कमी पडलेला असतो.

गर्भाशयातील आश्चर्य

आता दुसरा प्रश्न. गर्भ हा निम्मा पित्याचा, म्हणजे मातेच्या प्रतिकारक पेशींच्या दृष्टीने निम्मा परका. दुसऱ्याची त्वचा लावली, तर शरीर ती नाकारते. मग नऊ महिने ते गर्भाला कसे सांभाळते? हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ साली मांडला. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग याच नियामक पेशींपाशी सापडला. २००४ साली केंब्रिज येथील संशोधकांनी दाखवले, की गरोदर उंदराच्या मादीच्या शरीरातील नियामक पेशी नाहीशा केल्या, तर परक्या पित्याचा गर्भ टिकत नाही. त्याच वर्षी जपानमधील संशोधकांनी आपोआप गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात या पेशी तुलनेने कमी असल्याचे नोंदवले.

गर्भाशयात आणखी एक जात असते. तिचे नाव नॅचरल किलर, म्हणजे नैसर्गिक मारेकरी. गर्भधारणेच्या आरंभी गर्भाशयाच्या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे सत्तर टक्के याच असतात. नाव ऐकून अंगावर काटा येतो. पण गर्भाशयातील या पेशी मारण्याचे काम फारसे करीत नाहीत. त्या आईच्या रक्तवाहिन्या रुंद करण्यास मदत करतात, जेणेकरून वारेला भरपूर रक्त मिळावे. रक्तात फिरणाऱ्या मारेकरी पेशी आणि गर्भाशयातील पेशी यांचा स्वभाव वेगळा असतो. नावावरून माणसाची पारख करू नये, तशी पेशीचीही करू नये.

अशा रीतीने थायरॉइडची छावणी आणि गर्भाचा सांभाळ या दोन कथा एकाच पेशीपाशी येऊन मिळतात. जिच्या शरीरात गळ्याशी वचक सैल पडला, तिच्या गर्भाशयातही तो थोडा सैल असेल काय, असा तर्क त्यातून निघतो. थायरॉइड प्रतिपिंडे असलेल्या काही स्त्रियांत दाह वाढवणाऱ्या टी-पेशींचे पारडे जड झालेले काही अभ्यासांत आढळले आहे. बीजांडाभोवतीच्या द्रवातही ही प्रतिपिंडे सापडली आहेत. तर्क आकर्षक आहे. परंतु तर्क आणि सिद्धता यांत उधारी आणि रोख रकमेइतके अंतर असते. म्हणून आता हिशेबाकडे वळणे इष्ट.

हिशेब काय सांगतो

१९९० साली न्यूयॉर्कमधील डॉ. ॲलेक्स स्टॅग्नारो-ग्रीन आणि सहकाऱ्यांनी ५५२ गरोदर स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. थायरॉइड प्रतिपिंडे असलेल्यांत १७ टक्के, तर नसलेल्यांत ८.४ टक्के गर्भपात झाले. प्रमाण दुप्पट. पुढील अनेक अभ्यासांनी हा संबंध उचलून धरला. मुदतपूर्व प्रसूतीशीही तो आढळला. याची दोन प्रमुख स्पष्टीकरणे दिली गेली. पहिले, गर्भारपणात थायरॉक्सिनची मागणी तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते आणि आतून पोखरलेली ग्रंथी ती पुरवू शकत नाही. दुसरे, प्रतिकारक पेशींचा बिघाड सर्वव्यापी आहे.

पहिले स्पष्टीकरण खरे असेल, तर थायरॉक्सिनची गोळी दिल्याने गर्भ टिकला पाहिजे. हे पडताळण्यासाठी मोठ्या चाचण्या झाल्या. बीजिंगमध्ये टेस्ट ट्यूब बेबी उपचार घेणाऱ्या ६०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांत १०.३ टक्के, तर न घेणाऱ्यांत १०.६ टक्के गर्भपात झाले. ब्रिटनमधील ४९ रुग्णालयांची टॅब्लेट नावाची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत पूर्वी गर्भपात अथवा वंध्यत्वाचा इतिहास असलेल्या, प्रतिपिंडे असलेल्या पण थायरॉइडचे कार्य सुरळीत असलेल्या ९५२ स्त्रिया होत्या. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी ३७.४ टक्के आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले. तराजूची दोन्ही पारडी समान राहिली.

याचा अर्थ अत्यंत काळजीपूर्वक घेतला पाहिजे. टी.एस.एच. सामान्य असेल आणि केवळ प्रतिपिंडे असतील, तर गोळीने लाभ होत नाही. परंतु टी.एस.एच. वाढलेले असून ग्रंथी खरोखर मंदावली असेल, तर चित्र पूर्णपणे बदलते. अशा वेळी बीजांड वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी अनियमित वा अतिरिक्त होते, प्रोलॅक्टिन वाढू शकते आणि दिवस राहणे कठीण होते. इथे गोळी हाच उपचार आहे आणि अनेक जणींच्या बाबतीत तेवढ्यानेच चक्र पूर्ववत होते.

गर्भ राहिल्यावर तर या गोळीचे महत्त्व दुप्पट होते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड तयार झालेली नसते. त्याच्या मेंदूला लागणारे थायरॉक्सिन आईच पुरवते. १९९९ साली अमेरिकेतील डॉ. जेम्स हॅडो यांच्या अभ्यासात गर्भारपणी थायरॉइड मंद असूनही उपचार न मिळालेल्या ४८ मातांची मुले सात ते नऊ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा त्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. त्या मातांना आपल्याला विकार आहे, हेच ठाऊक नव्हते.

प्रसूतीनंतरही कथा संपत नाही. गर्भारपणात शांत झालेल्या प्रतिकारक पेशी बाळंतपणानंतर पुन्हा उसळतात. डॉ. नोबुयुकी अमिनो यांनी १९८२ साली जपानी मातांच्या तपासणीत ५.५ टक्के जणींना बाळंतपणानंतर थायरॉइडचा तात्पुरता बिघाड झालेला दाखवला. बाळंतीण थकते, चिडते, रडते, तेव्हा घरची माणसे तिला हट्टी अथवा नाजूक ठरवतात. एक रक्ततपासणी तिला त्या दूषणातून मुक्त करू शकते.

घराघरांत काय करावे

हे सर्व विवेचन अखेर घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबले पाहिजे. मूल हवे असूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर तपासणीस पती-पत्नींनी एकत्र जावे. स्त्रीचे वय पस्तीसहून अधिक असेल, तर सहा महिन्यांतच जावे. टी.एस.एच.ची तपासणी साधी आहे; ती पहिल्याच भेटीत व्हावी. एकदा गर्भपात झाला, म्हणजे दोष चिकटला असे समजू नये. बरेचसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील आकस्मिक चुकीमुळे होतात. त्यांचा जिन्याशी, बादलीशी वा उन्हाशी काही संबंध नसतो.

गोळी सकाळी अनशेपोटी पाण्यासोबत घ्यावी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. दोन्ही एकत्र घेतल्यास थायरॉक्सिन अंगी लागत नाही. दिवस राहिले म्हणून ती बंद करणे ही मोठी चूक होय. उलट त्या क्षणी डॉक्टरांना कळवावे, कारण मात्रा बहुधा वाढवावी लागते. शाकाहारी कुटुंबांत या गोळीविषयी एक शंका नेहमी विचारली जाते. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी या विकारावर पहिला यशस्वी उपचार केला, तो मेंढीच्या थायरॉइडच्या अर्काने, हे खरे. परंतु १९२७ साली हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी थायरॉक्सिन रासायनिक रीतीने तयार केले. आजच्या नेहमीच्या लेव्होथायरॉक्सिन गोळीतील औषध त्याच रीतीने प्रयोगशाळेत बनते, कोणत्याही प्राण्याच्या ग्रंथीतून नव्हे. त्या शंकेपायी कुणा सुनेची गोळी थांबू नये.

मिठाबाबतही विवेक हवा. सैंधव कितीही शुद्ध असले, तरी त्यात आयोडीन नगण्य असते. घरात केवळ सैंधव वापरले जात असेल, तर गरोदर स्त्रीसाठी आयोडीनयुक्त मिठाची सोय करावी. याउलट समुद्री शेवाळाच्या अथवा आयोडीनच्या जादा गोळ्या मनाने घेऊ नयेत. प्रतिपिंडे असलेल्या ग्रंथीला अतिरिक्त आयोडीन बाधू शकते.

शेवटची सूचना खिशाशी संबंधित आहे. वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्याला कोणीही काहीही विकू शकतो. रक्तातील मारेकरी पेशींची मोजणी, पतीच्या पांढऱ्या पेशींची लस, शिरेतून द्यायची स्निग्ध द्रावणे, स्टेरॉइड, असे महागडे उपाय सुचवले जातात. रक्तातील मारेकरी पेशींच्या संख्येवरून गर्भाशयात काय चालले आहे, हे कळत नाही. पतीच्या पेशींच्या लसीची अमेरिकेतील चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्यांत ३६ टक्के, तर न घेतलेल्यांत ४८ टक्के स्त्रियांची गर्भधारणा यशस्वी ठरली. युरोपातील प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनेनेही ही लस देऊ नये, असे सांगितले आहे. कोणताही उपाय स्वीकारण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : औषध घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची तुलना झाली आहे काय, आणि तिचा निकाल काय? कापड घेताना गिऱ्हाईक ताका उलगडून, उजेडात धरून पाहते. गर्भाच्या आशेपायी मात्र तेच गिऱ्हाईक डोळे मिटून पैसे मोजते. हे थांबले पाहिजे.

नियामक पेशींना बळ देऊन अशा विकारांवर उपचार करण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत. थायरॉइड प्रतिपिंडे असलेल्या, गर्भ न टिकणाऱ्या स्त्रियांसाठी सिद्ध झालेला असा उपचार अद्याप हाती आलेला नाही. परंतु टॅब्लेट चाचणीतील एक आकडा पुन्हा आठवावा. काहीही औषध न घेणाऱ्या गटातही शंभरांतील जवळपास अडतीस जणींच्या कडेवर मूल आले. प्रतिपिंडांचा अहवाल म्हणजे शेवटचा निकाल नव्हे.

आणि ज्यांच्या घरी पाळणा हललाच नाही, त्यांच्याविषयी एवढेच. शरीराच्या आतल्या कुंपणाने शेत खाल्ले, तर त्यात शेताचा अपराध नसतो. घर हेही स्त्रीभोवतीचे एक कुंपण आहे. सासू-सासरे, दीर-जावा, शेजारपाजार, सारी वडीलधारी मंडळी त्या कुंपणाच्या काटक्या आहेत. आतल्या कुंपणाने घात केला असताना बाहेरच्या कुंपणाने तरी तिचे रक्षण करावे. पुढच्या डोहाळजेवणाचे पहिले आमंत्रण तिला जावे, आणि ते देताना कोणाच्याही मनात दुसरा विचार येऊ नये.